नकाशा निघण्याआधी भाव निघतो: महानगर प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. महानगर आयुक्त व सर्व सदस्य,
छत्रपती संभाजीनगर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण

विषय: पैठण रोड, बिडकीन, शेंद्रा व शहरालगतच्या गावांतील प्लॉटिंग आणि येऊ घातलेले आराखडे

महोदय,

स.न.वि.वि.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून खरेदीखते, साठेखते, इसारपावत्या लिहिणे हा माझा व्यवसाय. लोक आम्हाला बॉन्ड रायटर म्हणतात. नगररचनेचे शिक्षण मी घेतलेले नाही. पण जमिनीचा भाव कधी हलतो आणि कशाने हलतो, हे आमच्या टेबलावर सरकारी कार्यालयांच्या बरेच आधी कळते. म्हणून हे पत्र.

पूर्वी जमीन घेणारा विचारायचा, विहिरीला पाणी किती, रस्ता कुणाच्या बांधावरून, भावकीत वाद आहे का. आता चहा यायच्या आत पहिला प्रश्न येतो, "झोन कोणताय?" आणि उत्तर ठरलेले: "आज हिरवा हाय, पण पिवळ्यात यायलंय." हिरवा म्हणजे नकाशावरचा शेतीचा पट्टा, पिवळा म्हणजे घरांचा. हे 'यायलंय' कुणी सांगितले ते कुणी विचारत नाही. मोबाइलवर नकाशाचा एक फोटो फिरत असतो, त्यावर लाल पेनाने ओढलेली एक रेघ असते, आणि त्या रेघेवर एकरी भाव ठरतो. रेघ खरी निघाली तर ज्याला आधी कळली त्याचे भले. खोटी निघाली तर शेवटच्या घेणाऱ्याचे मरण. मधल्यांचे पैसे तोवर सुटलेले असतात.

जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या 20,000 कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्याच्या आगेमागे जेएसडब्ल्यू आणि एथरची नावे आली. कारखाना यावा, पोरांना काम मिळावे, याला कोण नाही म्हणेल? पण कारखान्याची पहिली वीट बसायच्या आधी बिडकीन, चितेगाव, फारोळा या पट्ट्यात शेताच्या कडेला प्लॉटिंगचे बोर्ड बसले. ज्या बिडकीनमध्ये औद्योगिक पट्ट्यासाठी सरकारने एकरी 23 लाखांनी जमीन घेतली, तिथलाच शेतकरी आज कुंपणापलीकडे चौरस फुटाचे भाव ऐकतो. त्याच्या मनात काय येत असेल ते सांगायला नको.

ऑरिकच्या, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या सरकारी औद्योगिक शहराच्या, हद्दीत रस्ते, नळ, भूमिगत वाहिन्या, सगळे आहे. पण तिथे काम करणारा माणूस राहणार कुठे? वाळूजने याचे उत्तर आधीच दिलेले आहे. एमआयडीसीच्या शेजारी रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर ही गावे ग्रामपंचायतीच्या जिवावर शहरे झाली. दहा बाय दहाच्या खोल्या, गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचे, नालीचे पाणी दारात. शेंद्रा-बिडकीनला तुम्ही वेगळे काही केले नाही, तर तिथे वाळूजच होणार आहे, फक्त चौपट मोठे.

आता हिशोब सांगतो, कारण माझ्या मते सगळा घोळ या हिशोबात आहे.

समजा एखाद्याने एकरभर जमीन 60 लाखांना घेतली. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. रीतसर ले-आऊट मंजूर करून घ्यायचा तर नियमाच्या रुंदीचे रस्ते सोडा, ले-आऊट मोठा असेल तर 10 टक्के खुली जागा सोडा. विकायला निम्म्याहून थोडी जास्त उरते. 55 टक्के धरू. म्हणजे नुसत्या जमिनीचा खर्च चौरस फुटाला 250 रुपये. त्यावर एनएचे, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचे, पैसे, मोजणी, मंजुरी, रस्ता, लाइट, ड्रेनेज, आणि मंजुरीची वाट पाहताना अंगावर चढणारे व्याज.

शेजारचा गुंठेवारीवाला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे विकणारा, पंधरा फुटांची वाट ठेवतो, खुली जागा सोडत नाही आणि 80 टक्के जमीन विकतो. त्याला तीच जमीन 172 रुपयांना पडते. फरक 78 रुपयांचा. वीस बाय तीसच्या एका प्लॉटमागे जवळजवळ 47 हजार. रीतसर ले-आऊटवाल्याचा बाकीचा खर्च यात धरलेलाच नाही. हे 47 हजार म्हणजे त्या वस्तीचा रस्ता, नाली आणि पोरांचे मैदान. ते विकून प्लॉट स्वस्त केलेला आहे. पुढे कधीतरी महापालिका किंवा तुम्ही ते पैसे भरणार, म्हणजे करदाता भरणार, आणि तोवर ती जागा घरांनी भरलेली असल्यामुळे दुप्पट-तिप्पट भरणार.

घेणाऱ्याला हे कळत नाही असे समजू नका. कळते. पण रीतसर बाजारात त्याच्या ऐपतीचा प्लॉटच नसतो. कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला बँक दारात उभी करत नाही. वीस बाय तीस म्हणजे 600 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून थोडे जास्त. तो हप्त्याने घेतो, रजिस्ट्रीऐवजी बॉन्डवर, म्हणजे नुसत्या मुद्रांकावर लिहून घेतो. पूर्वी शंभराचा बॉन्ड चालायचा, 2024 च्या शेवटी तो पाचशेचा झाला. एवढाच काय तो नियोजनाचा धाक वाढला. 2025 पर्यंत एकाच सातबाऱ्यावर दहा-अकरा अनोळखी माणसे सहहिस्सेदार म्हणून चढायची, कारण तुकडेबंदीतून, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या मनाईतून, वाट काढायला तेवढीच फट होती. घर बांधून होते, मीटर येते, आणि बॉन्डवर घेणाऱ्याच्या नावाचा फेर (सातबाऱ्यावरची नोंद) मात्र ओढला जात नाही.

2021 मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून अशा तुकड्यांच्या रजिस्ट्रीला आडकाठी केली. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. मधल्या काळात प्लॉटिंग थांबले होते का? नाही. रजिस्ट्री थांबली आणि नोटरीची गर्दी वाढली. दुसऱ्या बाजूला गुंठेवारी कायदा बघा. 2001 च्या या कायद्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या वस्त्या नियमित करायच्या होत्या. 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. नुसत्या आमच्या शहरात अशा शंभराहून जास्त वस्त्या आहेत. त्यांना नियमित केले यात माझी तक्रार नाही. लाखो लोकांना घराबाहेर काढणार आहात का? पण दलालाने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. आता प्लॉट दाखवतानाच तो सांगतो, "पुढं नियमित होतंयच." उद्याची माफी आजच्या भावात धरलेली आहे.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे, तो मुंबई-पुण्याहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या चटकन ध्यानात येत नाही. आपण निजामाच्या राज्यातून आलो. शहराभोवती इनामाच्या, मदतमाशच्या (निर्वाहासाठी दिलेल्या), कुळाच्या, वर्ग दोनच्या जमिनी पसरलेल्या आहेत. त्यांची सरळ विक्री परवानगीशिवाय होत नाही. रीतसर विकासक अशा जमिनीपासून लांब राहतो, आणि लांब राहिला की तिथे बॉन्डवाला येतो. शहराला सगळ्यात जवळची, सोयीची जमीन कागदाच्या गुंत्यामुळे गुंठेवारीत गेली याची उदाहरणे या शहरात कुणीही रिक्षावाला दाखवील.

आरक्षणाचेही तेच. आराखड्यात शेतावर शाळेचे, बागेचे, डेपोचे आरक्षण पडले की शेतकऱ्याच्या घरी सुतक येते. बँक ती जमीन तारण घेत नाही, बिल्डर विचारत नाही. सरकारी यंत्रणेने दहा वर्षांत घ्यावी, नाही घेतली तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस द्यायची आणि आणखी 24 महिने थांबायचे. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यानंतर मोबदला बाजारभावाच्या दुप्पट, ग्रामीण भागात चौपटीपर्यंत जातो. महापालिकेच्या तिजोरीत तेवढे कुठले? मग आरक्षित जमीन कोण घेतो? गुंठ्यावाला घेतो, तोही निम्म्या भावात. बागेच्या आरक्षणावर दाट वस्ती उभी राहते ती अशी. आराखड्यातली हिरवी ठिगळे पाहून आपण नियोजन केले असे वाटत असेल, पण पैशाची तरतूद नसलेले आरक्षण हे बेकायदा प्लॉटिंगला दिलेले आमंत्रण आहे. हे वाक्य कडक वाटेल, तरी मी ते मागे घेणार नाही.

सिडकोचे नाव घेतल्याशिवाय इथे शहराबद्दल बोलताच येत नाही. एन-1 पासूनचे ते सेक्टर बघा. आधी जमीन ताब्यात, मग रस्ता, लाइन, शाळेची जागा, आणि मग प्लॉट. भाव सोयींच्या मागून चढला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मिळालेल्या मोबदल्याचे दुःख खरे आहे आणि ते अजून बोलून दाखवणारी घरे आहेत, म्हणून मी त्या पद्धतीची आरती ओवाळत नाही. पण क्रम बरोबर होता. पुढे वाळूज महानगराची घोषणा झाली, त्यातली काही नगरे उभी राहिली, बरेच काही कागदावर राहिले. मग शहराभोवतीच्या 28 गावांचे झालर क्षेत्र आले. तिथे जमीन ताब्यात घ्यायची नव्हती, फक्त आराखडा करायचा होता. रस्त्याच्या रेघा कागदावर पडल्या, जमिनीवर मुरूमसुद्धा पडला नाही, आणि भाव मात्र रस्ता असल्यासारखे लागले. 2006 मध्ये सिडकोने बांधलेला भाग महापालिकेकडे दिला गेला. त्यानंतर जमीन तयार करून देणारा कुणी उरला नाही, रंग देणारेच उरले.

शहराच्या आराखड्याची कथा तर तुम्हाला पाठ असेल. वाढीव हद्दीचा सुधारित आराखडा 2016 मध्ये खंडपीठाने रद्द केला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. नवीन प्रारूप मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा महापालिकेत निवडून आलेले सभागृहसुद्धा नव्हते, 2020 पासून प्रशासक होते. 1991 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 5.73 लाख होती, 2001 मध्ये 8.73 लाख, 2011 मध्ये 11.75 लाख. माणसे आराखड्यासाठी थांबली नाहीत. थांबलेला आराखडा बाजाराला मात्र फार मानवतो: जोवर अंतिम काही नाही तोवर प्रत्येक गट नंबर पिवळ्यात 'यायलेला' असतो.

2025 मध्ये जालना रोड, बीड बायपास, पैठण रोडवर पाडापाडी झाली. रस्ता रुंद व्हायला हवा होता, मान्य. पण डीपी रोडची (विकास आराखड्यातल्या रस्त्याची) रेघ इतकी वर्षे कागदावर होती, आणि त्या रेघेवर व्यवहार लिहून होत होते, कर भरून घेतला जात होता. जेसीबी येतो तेव्हा शेवटचा खरेदीदार घरात असतो. पहिला विकणारा तोवर दुसऱ्या गावात नवीन बोर्ड लावत असतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. जायकवाडी भरलेले असते तेव्हाही आमच्या नळाला आठवड्याने पाणी येते, हे सांगायला नको. 2020 मध्ये 1,680 कोटींची म्हणून सुरू झालेली योजना 2,740 कोटींवर गेली. तिची 2,500 मिलिमीटरची जलवाहिनी पैठण रोडने येते, आणि प्लॉटवाले गिऱ्हाईकाला ती गाडीतून दाखवतात: "बघा, पाणी दारातून चाललंय." ती वाहिनी शहरासाठी मोजून घातलेली आहे, वाटेतल्या नव्या वस्त्यांचे माप तिच्यात धरलेले नाही, हे त्यांना कोण सांगणार? शहराला लागून असलेल्या सातारा-देवळाईत आधी अपार्टमेंट उभे राहिले, मग महापालिका आली, आणि टँकर सगळ्यांच्या आधीपासून होता. तिथल्या फ्लॅटवाल्याने घराचा हप्ता आणि टँकरचा हप्ता असे दोन हप्ते भरले. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते ज्या विभागात घडले तिथे पाण्याचा स्रोत न लिहिता पिवळा रंग देणे हा माझ्या मते गुन्हा आहे. प्रत्येक निवासी पट्ट्यापुढे पाणी कुठून, किती आणि कोणत्या वर्षी, हे आराखड्यातच लिहा. नसेल तर तो पट्टा हिरवाच राहू द्या आणि तसे ठणकावून सांगा. दलालाचे तोंड बंद करायला याहून मोठे हत्यार नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. नगररचना योजना नावाची पद्धत आपल्या कायद्यात आहे, 1915 च्या मुंबई कायद्यापासून आहे. एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा, गरिबांच्या घरांची जागा काढायची, आणि उरलेल्या जमिनीचे सरळ, रस्त्याला लागलेले अंतिम भूखंड करून त्याच मालकांना परत द्यायचे. कुणाची जमीन पूर्ण जात नाही, कुणाची पूर्ण सुटत नाही. वाढलेल्या किमतीतून निम्म्यापर्यंत अंशदानही घेता येते. गुजरातने ही पद्धत सोडली नाही आणि अहमदाबादची वाढ मोठ्या प्रमाणात तिच्यावर झाली. आपण सोडली, नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना भागात सिडकोने ती परत काढली, तिथे मालकाला 40 टक्के जमीन भूखंड म्हणून परत मिळते. शेतकऱ्याला हे समजावणे सोपे नाही, "साठ टक्के का द्यायची?" असे तो विचारणारच. टक्केवारीवर भांडण होऊ द्या, ते निकोप भांडण आहे.

पण ही पद्धत वेळेवर लागू केली तरच चालते. एका गटात दहा शेतकरी असतात तोवर जमिनी एकत्र करता येतात. त्याच गटात वीस बाय तीसचे चारशे प्लॉटवाले बसले की कापणार काय? 600 फुटांतून साठ सोडा, नुसते 40 टक्के काढले तरी 360 फूट उरतात. तेवढ्यात माणूस घर बांधील की जिना? बिडकीन आणि शेंद्र्याभोवती अजून पुष्कळ गटांत कपाशी आणि मोसंबी उभी आहे. ती उभी आहे तोवरच तुमच्या हातात काही आहे. तीनशेहून जास्त गावांचा एकच भव्य आराखडा करण्यात वर्षे घालवू नका. औद्योगिक पट्ट्याला लागून असलेली मोजकी गावे आधी धरा, तिथे नगररचना योजना जाहीर करा, आणि त्यात कामगारांसाठी 500-600 फुटांचे रीतसर, नोंदणी होणारे, हप्त्याने मिळणारे प्लॉट ठेवा. गुंठेवारीशी झुंजायचे तर तिच्या मापाचा माल दुकानात पाहिजे.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाल्यापासून प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत त्या गावांत कोणत्या गटात किती खरेद्या झाल्या, कोणत्या महिन्यात, किती क्षेत्राच्या, कोणत्या किमतीला, याचा तक्ता प्रारूप नकाशासोबत लावा. नावे नकोत. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेद्यांची यादी, आजही कुणालाही बघता येते. ती फक्त गटवार एकत्र करायची आहे. एखाद्या ओसाड माळावर सहा महिन्यांत धडाधड खरेद्या आणि नंतर त्याच माळावरून तीस मीटरचा रस्ता, असे दिसले तर हरकत घेणाऱ्याला पुरावा शोधत फिरावे लागणार नाही. तसे काही दिसले नाही, तर तुमच्यावरचा संशय आपोआप फिटेल.

यात शेतकऱ्याचा आणखी एक फायदा आहे. भूसंपादनाचा मोबदला काढताना आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली वरची निम्मी खते धरून सरासरी काढतात. ज्यांना रेघ आधी कळली त्यांनी मुद्दाम चढ्या भावाची चार खते करून ठेवली, तर सरकारलाच त्या फुगवट्याने जमीन घ्यावी लागते. उलट ज्या गावात सगळे रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, भावाने लिहितात आणि बाकीचे रोखीत देतात, तिथे प्रामाणिक शेतकऱ्याचा मोबदला कागदावर पडतो. रोखीचा हा प्रकार आमच्या टेबलावर रोज घडतो आणि त्याला आम्ही, विकणारा, घेणारा, सगळे सामील असतो. तक्ता लागला की निदान कोणत्या गावात कागद आणि बाजार यांत किती अंतर आहे ते उघड दिसेल.

तुमच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर या तीन गोष्टी घ्याव्यात अशी विनंती आहे: पाण्याशी बांधलेले झोन, बिडकीन-शेंद्र्याभोवती नगररचना योजना, आणि गटवार खरेद्यांचा तक्ता. राज्यघटनेच्या 243 झेडई कलमात महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य लोकांतून आलेल्या प्रतिनिधींनी निवडायचे असे म्हटले आहे. त्या समितीपुढेही हा विषय यावा. बैठकीचे इतिवृत्त मराठीत, गावच्या चावडीवर लावावे. इंग्रजी नकाशे आणि हेक्टरचे आकडे आमच्याकडे दलालच समजावून सांगतात, आणि ते कसे सांगतात ते वर लिहिलेच आहे.

कळावे,

आपला,
एक दस्तलेखक
पैठण रोड, छत्रपती संभाजीनगर